ओव्हरकोट, कांबळं आणि कफन

मंडळी, नमस्कार. 'आधुनिक हिंदी कथेवरचा रशियन साहित्याचा प्रभाव' असा विषय फलकावर लिहिलाय. या विषयावर बोलायची एक ठरलेली पद्धत आहे. प्रेमचंदांवर टॉल्स्टॉय, जैनेंद्रांवर पुन्हा टॉल्स्टॉय, पुरोगाम्यांवर गोर्की, नव्या कहाणीवाल्यांवर, म्हणजे पन्नाशीच्या दशकातल्या कथाकारांवर, चेखव, अशा जोड्या लावायच्या आणि बसायचं. यातलं काही खोटं नाही. पण वधू-वर सूचक मंडळाच्या यादीसारखं ते होतं: जोड्या कळतात, संसार कसा झाला ते कळत नाही. म्हणून आज मी निम्म्याहून जास्त वेळ एकाच गोष्टीच्या मागे जाणार आहे. गोष्ट साधी आहे, थंडीत अंगावर घ्यायच्या कापडाची.

रशियन कथेचं मूळ सांगताना गोगोलचं नाव येतंच. 'ओव्हरकोट' ही त्याची कथा 1842ची. 'आम्ही सगळे गोगोलच्या ओव्हरकोटातून बाहेर आलो' हे वाक्य दोस्तोयेव्हस्कीच्या नावावर खपवलं जातं. ते त्याचंच आहे याला पुरावा नाही, पण कुणी का म्हटलेलं असेना, आपल्या कामाचं आहे. एक फाटका कारकून पोटाला चिमटा घेऊन नवा कोट शिवतो आणि तो कोट चोरीला जातो. कथा एवढीच. राजे, सरदार, प्रेमिक सोडून साहित्य एकदम एका माणसाच्या कोटाच्या हिशोबात शिरलं, हे मात्र तेव्हा नवं होतं.

आता बनारसकडे येऊ. प्रेमचंदांनी टॉल्स्टॉयच्या कथा हिंदीत आणल्या हे आपण वाचलेलं असतं, पण त्या कथा उघडून बघणारे थोडे. प्रेमचंदांनी त्यांचं शब्दाला शब्द भाषांतर केलंच नाही. त्यांनी माणसं बदलली, गावं बदलली. 'देवाला सत्य दिसतं, पण तो थांबतो' या कथेतला व्लादिमीर गावचा व्यापारी अक्स्योनोव प्रेमचंदांकडे दिल्लीचा सौदागर भागीरथ होतो आणि कथेचं नाव होतं 'क्षमादान'. कॉकेशसमधला कैदी 'राजपूत कैदी' होतो. मूर्ख इवान 'मूर्ख सुमंत' होतो. आजच्या भाषांतरकाराने असं केलं तर समीक्षक त्याला सोलून काढतील. पण टॉल्स्टॉयने या कथा लिहिल्या होत्या त्याच मुळी शेतकऱ्यांसाठी. 1880च्या दशकात 'पोस्रेदनिक' या प्रकाशनाने त्याच्या लोककथा स्वस्त पुस्तिकांतून काढल्या आणि फेरीवाल्यांनी त्या गावोगाव विकल्या. उत्तर प्रदेशातल्या खेड्यातला माणूस ती कथा ऐकताना नावावरच अडखळला तर काय उपयोग, असा प्रेमचंदांचा सरळ हिशोब असावा.

या देशांतरात गमती होतात. टॉल्स्टॉयचा मार्टिन हा चांभार तळघरात राहतो. त्याच्या खिडकीतून त्याला रस्त्यावरची माणसं दिसत नाहीत, फक्त त्यांचे जोडे दिसतात, आणि जोड्यावरून तो माणूस ओळखतो, कारण गावातल्या बहुतेक जोड्यांना त्याचा टाका लागलेला असतो. किती सुंदर तपशील आहे हा! प्रेमचंदांच्या 'प्रेम में परमेश्वर'मध्ये हा मार्टिन मूरत नावाचा बनिया झालाय. रस्त्यावर त्याचं छोटंसं दुकान आहे. जोडे गेले. असं का केलं असेल? रशियात चांभारकी हा धंदा होता. इथे ती जात आहे. धर्मग्रंथ वाचत बसणारा, ज्याच्या दारी देव येतो असा नायक चांभार दाखवला तर कथा वेगळ्याच वादात शिरली असती. हा माझा तर्क आहे. प्रेमचंद कचरले, असंही तुम्ही म्हणू शकता.

पण थांबा. दुसऱ्या कथेत ते कचरत नाहीत. 'माणसं कशाच्या आधारावर जगतात' ही टॉल्स्टॉयची 1881ची कथा. प्रेमचंदांच्या हिंदीत तिचं नाव 'मनुष्य का जीवन आधार क्या है', आणि ती सुरू होते ती माधो नावाच्या एका चांभारापासून. घर नाही, जमीन नाही, बायकोमुलांसह झोपडीत राहतो. मजुरी स्वस्त, धान्य महाग. मूळ कथेत नवराबायकोत मिळून मेंढीच्या कातड्याचा एकच कोट आहे. प्रेमचंदांनी त्याचं कांबळं केलं. सगळं घर एकाच कांबळ्यात हिवाळा काढतं आणि त्याच्याही चिंध्या झाल्यात. माधोने पोट मारून तीन रुपये जमवलेत. पाच रुपये शेजारच्या गावच्या लोकांकडून यायचेत. हे आकडे लक्षात ठेवा. मूळ कथेतही बायकोच्या पेटीत तीन रुबलची नोट आहे.

पुढे टॉल्स्टॉयची गोष्ट अशी जाते. चांभार सेम्योन उधारी वसूल करून कोटासाठी कातडं आणायला निघतो. उधारी मिळत नाही. मिळतात ते वीस कोपेक तो व्होडकावर उडवतो. परतताना देवळापाशी एक नागडा माणूस गारठून बसलेला दिसतो. सेम्योन आधी पुढे निघून जातो, मग मन खातं, मागे फिरतो आणि अंगातला कोट त्याला चढवतो. तो माणूस म्हणजे शापित देवदूत. त्याचा अपराध काय? बाळंत झालेल्या एका बाईचा प्राण आणायला देवाने त्याला पाठवलं होतं. तिचा नवरा तीनच दिवसांपूर्वी झाडाखाली चिरडून मेलेला, कुशीत जुळ्या मुली. याला दया आली, तो रिकाम्या हाताने परतला. शेवटी देवदूताला उत्तर सापडतं: माणसं प्रेमाच्या आधारावर जगतात. मध्ये आणखी एक प्रसंग आहे. एक धिप्पाड श्रीमंत गृहस्थ वर्षभर टिकतील असे बूट करायला सांगतो, आणि हा देवदूत त्याच्या कातड्यातून बुटांऐवजी मऊ सपाता शिवतो, प्रेताच्या पायात घालतात तशा. मालकाला धडकी भरते, पण गिऱ्हाईक त्याच दिवशी वाटेत मरतं आणि नोकर सपाताच मागायला येतो.

1930 साली प्रेमचंद 'पूस की रात' लिहितात. पहिल्याच प्रसंगात हल्कू बायकोला सांगतो की वसुलीला सहना आलाय, ठेवलेले रुपये दे. मुन्नी म्हणते, 'तीन ही तो रुपये हैं', देऊन टाकलेस तर कांबळं कुठून येणार? तेच तीन रुपये, तेच कांबळं! फरक एवढाच की टॉल्स्टॉयच्या चांभारावर लोकांचं देणं नाही, त्याचंच लोकांकडे येणं आहे. हल्कूवर सावकाराचं कर्ज आहे. रुपये जातात. पौषातल्या रात्री हल्कू जबरा कुत्र्याला कवटाळून शेतावर पडून राहतो. नीलगायी पीक फस्त करत असतात, याला सगळं ऐकू येतं आणि तो उठत नाही. देवदूत येत नाही. कुत्र्याच्या अंगाला दुर्गंधी आहे आणि ऊबही आहे. टॉल्स्टॉयने जिथे प्रेम ठेवलं होतं, तिथे प्रेमचंदांनी हे कुत्रं ठेवलंय, आणि ते हल्कूपेक्षा कर्तव्यदक्ष आहे. सकाळी मुन्नी डोक्याला हात लावते. हल्कू मात्र खुशीत म्हणतो की आता थंडीत इथे झोपावं तरी लागणार नाही.

आणि मग 'कफन'. 1935च्या अखेरीस ही कथा उर्दूत आली, 1936मध्ये हिंदीत. घीसू आणि त्याचा मुलगा माधव. जात चांभार. आत झोपडीत माधवची बायको बुधिया बाळंतपणात तडफडतेय आणि हे दोघं बाहेर शेकोटीत बटाटे भाजून खातायत. आत कुणी जात नाही, कारण एक आत गेला तर दुसरा बटाटे संपवेल. सकाळी ती मेलेली. कफनासाठी लोक पैसे देतात, पाच रुपये जमतात. बाप-लेक कापड घ्यायला बाजारात जातात आणि पोचतात गुत्त्यात. घीसू म्हणतो, 'कैसा बुरा रिवाज है कि जिसे जीते जी तन ढाँकने को चीथड़ा भी न मिले, उसे मरने पर नया कफन चाहिए.' पुऱ्या, चटणी, लोणचं, कलेजी, बाटली. उरलेल्या पुऱ्या भिकाऱ्याला देऊन टाकतात. शेवटी 'ठगिनी क्यों नैना झमकावे' गात, नाचत, तिथेच कोसळतात.

आता दोन्ही कथा शेजारी ठेवा. चांभार कापड आणायला निघतो, पैसे दारूत जातात. एक बाई बाळंतपणात मरते. मेलेल्यासाठी वस्तू करायची असते. उघड्या माणसाला पांघरूण घालायचं असतं. माधो आणि माधव. तीन रुपये तिथे, पाच रुपये इथे. माझं म्हणणं असं की 'कफन' ही प्रेमचंदांनी स्वतःच हिंदीत आणलेल्या टॉल्स्टॉयच्या कथेला त्यांनीच दिलेली उलटतपासणी आहे. माणसं कशाच्या आधारावर जगतात? बटाट्याच्या, असं 'कफन' म्हणते. आणि वीस वर्षांपूर्वी ठाकूरच्या लग्नात पोटभर जेवल्याच्या आठवणीच्या.

हे सगळं योगायोगानेही झालेलं असू शकतं. माधव हे नाव त्या भागात गल्लोगल्ली सापडतं. पाच रुपये ही गोळा व्हायला सोपी रक्कम आहे. प्रेमचंदांनी कुठे लिहून ठेवलंय असाही माझा दावा नाही. पण लेखक ज्या कथेला शब्दाशब्दाने हाताळतो, तिची हाडं त्याच्या हाताला माहीत होतात, हे तुमच्यातले जे भाषांतर करतात त्यांना पटेल.

इथे दुसरा एक आक्षेप घेतला पाहिजे, आणि तो जास्त वजनदार आहे. ओमप्रकाश वाल्मीकींसारख्या दलित लेखकांनी 'कफन'वर कठोर टीका केली. मरणाऱ्या बाईला सोडून बटाटे खाणारे दोघं चांभारच का, असा त्यांचा रोख. टॉल्स्टॉयकडचा माधो कष्टाळू आहे, दयाळू आहे. प्रेमचंदांचे स्वतःचे हे दोघं आळशी आणि चोर. बचाव असा करतात की घीसू-माधवचा आळस हीच त्यांची अक्कल आहे, राबणाऱ्यांचं काय होतं ते त्यांनी बघितलंय, आणि प्रेमचंद कथेतच तसं सुचवतात. मला हा बचाव अर्धाच पटतो. अर्धा यासाठी की कथेतल्या बुधियाला एकही वाक्य नाही, फक्त कण्हणं आहे. टॉल्स्टॉयची मरणारी बाई निदान देवदूताशी वाद घालते.

टॉल्स्टॉयकडून इथपर्यंत प्रेमचंद कसे आले, ते थोडक्यात सांगतो. सुरुवातीच्या 'पंच परमेश्वर'सारख्या कथांत शेवटी माणसाचं मन पालटतं. ते टॉल्स्टॉयचंही आहे आणि गांधींचंही, आणि गांधींच्या मनात टॉल्स्टॉय होताच. फेब्रुवारी 1921मध्ये गोरखपूरला गांधींचं भाषण ऐकून प्रेमचंदांनी सरकारी नोकरी सोडली. पण त्याच्याही आधी, 1919च्या डिसेंबरात, मित्र दयानारायण निगमांना त्यांनी कळवलं होतं की आपल्याला आता बोल्शेविक तत्त्वं जवळजवळ पटली आहेत. म्हणजे रशिया त्यांच्याकडे दोन दारांनी एकाच वेळी आला, एकातून टॉल्स्टॉय आणि दुसऱ्यातून क्रांती. पुढे सोळा-सतरा वर्षं दोघं त्यांच्या घरात भांडत राहिले. एप्रिल 1936मध्ये लखनौला प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. जूनमध्ये गोर्की गेला. तेव्हा प्रेमचंद स्वतः आजारी होते, तरी गोर्कीवर लिहिण्यासाठी रात्री जागले, ही हकीकत त्यांच्या पत्नी शिवरानीदेवींच्या आठवणींत आहे. ऑक्टोबरात प्रेमचंदही गेले.

जैनेंद्रकुमारांवर फार थांबत नाही. त्यांनी टॉल्स्टॉयच्या कथा 'प्रेम में भगवान' या नावाने आणल्या, नाटक 'पाप और प्रकाश' म्हणून आणलं. त्यांनी घेतला तो नीतीचा पेच. प्रेमचंदांनी घेतलेलं पोट मागे राहिलं. राहुल सांकृत्यायनांचं 'वोल्गा से गंगा' नावामुळे या यादीत नेहमी घुसतं, पण वीस कथांचा तो संग्रह इतिहासाच्या नकाशावर लिहिलेला आहे, रशियन कथेच्या वळणाशी त्याचा संबंध बेताचा.

अज्ञेय मात्र फार बोलका नमुना. तुरुंगवासाच्या काळातल्या त्यांच्या कथांत 'विपथगा' नावाची एक आहे. नायिका मारिया इवानोव्हना, रशियन क्रांतिकारक. बलिदान, बॉम्ब, लांबलांब संवाद. भगतसिंगांच्या पिढीतल्या तरुणाला ती भिडली असणार. आज वाचताना पुठ्ठ्याचे डोंगर दिसतात. आणि याच लेखकाची 'रोज'. डोंगराळ गावातल्या सरकारी डॉक्टरची बायको मालती. दूरच्या नात्यातला भाऊ दुपारी भेटायला येतो. काही घडत नाही. नळाला पाणी येत नाही. मूल पलंगावरून पडतं आणि ती म्हणते, हे रोजचंच. आंबे वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून आलेले असतात. मालती आंबे बाजूला ठेवते आणि नळापाशी संध्याकाळच्या अंधुक उजेडात तो तुकडा वाचत उभी राहते. नवरा गँग्रीनच्या रोग्यांचे पाय कापून घरी येतो. रात्री घड्याळाचे ठोके पडतात आणि ती म्हणते, अकरा वाजले. या कथेत एकही रशियन माणूस नाही. पण वर्तमानपत्राचा तो तुकडा चेखव शिकल्याशिवाय हाती लागत नाही. रशियन नावं वापरलेली कथा शिळी झाली, रशियन नजर पचवलेली टिकली. एकाच लेखकाच्या टेबलावर हे घडलं.

चेखव हिंदीत पोचला तो बहुतांशी इंग्रजीतून. कॉन्स्टन्स गार्नेट बाईंनी 1916 ते 1922 या काळात त्याच्या कथांचे तेरा खंड काढले होते. अलाहाबाद, दिल्ली, लाहोरच्या कॉलेजांतून इंग्रजी साहित्य शिकलेली पोरं हेच खंड वाचत होती. गार्नेट बाईंच्या भाषांतरावर पुढे बरीच टीका झाली, सगळे रशियन तिच्यासारखेच बोलतात म्हणून. पण हिंदीच्या नव्या कहाणीला जो हलका, खालच्या पट्टीतला आवाज सापडला, त्यात त्या बाईंचाही वाटा आहे असं मला नेहमी वाटतं. राजेंद्र यादवांनी चेखवची नाटकं हिंदीत आणली, लेर्मोंतोव आणि तुर्गेनेवही आणले, आणि चेखवची एक काल्पनिक मुलाखतही लिहिली. मेलेल्या लेखकाची मुलाखत घ्यावीशी वाटणं ही भक्तीची फार पुढची पायरी झाली!

पण नव्या कहाणीत चेखवच्या सगळ्यात जवळ कोण, असं विचाराल तर माझं मत अमरकांतांना. 'दोपहर का भोजन' वाचा. सिद्धेश्वरी दुपारी एकेकाला वाढते. आधी थोरला रामचंद्र, मग मोहन, मग नवरा मुन्शी चंद्रिकाप्रसाद. प्रत्येकाच्या ताटात दोन पोळ्या. ती आणखी एक घे म्हणते, प्रत्येक जण पोट भरल्याचं सांगतो, कारण डब्यात किती आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती थोरल्यापाशी धाकट्याची खोटी स्तुती करते, नवऱ्यापाशी मुलांची. शेवटी एकच जाड, करपलेली पोळी उरते. झोपलेल्या प्रमोदसाठी ती अर्धी मोडून ठेवते. घरभर माश्या घोंगावतायत, आणि मुन्शीजी पालथे पडून असे गाढ झोपलेत, जणू दीड महिन्यापूर्वी त्यांची नोकरी गेलेलीच नाही. गरिबीवर एक वाक्य नाही. लेखक फक्त पोळ्या मोजतो. प्रेमचंदांनी रुपये मोजले, अमरकांतांनी पोळ्या मोजल्या, आणि गोगोलने कोटाच्या अस्तराचे पैसे मोजले होते. या घराण्याची खूण मला विचाराल तर हिशोब, करुणा नंतर येते.

आता भीष्म साहनी. इथे साठीच्या पुढचे जे बसलेत, त्यांना प्रगती प्रकाशनाची गुळगुळीत कागदाची स्वस्त पुस्तकं आठवत असतील, आपल्याकडे मराठीतही ती येत. त्या कारखान्यात भीष्मजींनी 1957 ते 1963 अशी वर्षं मॉस्कोत नोकरी केली. टॉल्स्टॉयच्या 'पुनरुत्थान'सह पंचवीसच्या आसपास पुस्तकं हिंदीत केली. लोक म्हणतात, म्हणून त्यांच्या कथा रशियन वळणाच्या. तारखा जुळत नाहीत. 'चीफ की दावत' ते मॉस्कोला रुळण्याआधीची आहे. साहेब जेवायला येणार म्हणून शामनाथ घरातल्या पसाऱ्यासकट म्हाताऱ्या आईला कुठे लपवायचं याचा विचार करतो, आणि साहेबाला नेमकी आईच आवडते, तिची फुलकारी आवडते. चेखवच्या साहेबांपुढे वाकणाऱ्या कारकुनांचा हा दिल्लीतला चुलतभाऊ. मॉस्कोने भीष्मजींना हे दिलं नाही. मॉस्कोनंतरच्या 'अमृतसर आ गया है'मध्ये मात्र मला एक फरक दिसतो. फाळणीच्या गाडीतला तो किरकोळ बाबू आधी घाबरलेला असतो, आणि आपला मुलूख आल्यावर लोखंडी कांब उचलतो. कथा सांगणारा डब्यातच बसलाय, सगळं बघतोय आणि निवाडा देत नाही. 'चीफ की दावत'मध्ये लेखक शामनाथला अधूनमधून चिमटे काढतो. इथे चिमटाही नाही.

निर्मल वर्मांनीही सुरुवातीला रशियनच हाती घेतलं होतं, कुप्रिनच्या कथा. ते कम्युनिस्ट पक्षात होते, 1956मध्ये हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले आणि ते बाहेर पडले. पुढे प्रागला गेले, थेट चेकमधून भाषांतरं करू लागले. पण 'परिंदे'मधल्या पहाडी वसतिगृहातली लतिका, सुटी लागली तरी कुठेच न जाणारी, उडत जाणाऱ्या पक्ष्यांकडे बघून 'हम कहाँ जाएँगे' असं मनाशी विचारणारी, ती चेखवच्या नाटकातल्या मॉस्को-मॉस्को करणाऱ्या तिघी बहिणींच्या नात्यातली आहे. पक्ष सुटला, चेखव सुटला नाही.

राहता राहिला दोस्तोयेव्हस्की. त्याचं कर्ज हिंदी लघुकथेवर कमी आहे, कादंबरीवर जास्त. अपवाद गजानन माधव मुक्तिबोधांचा, आणि ते तर घरी मराठी बोलणारे. धाकटे बंधू शरच्चंद्र आपल्याकडे कवी आणि कादंबरीकार. थोरल्याच्या 'पक्षी और दीमक' किंवा 'क्लॉड ईथरली'मधला माणूस स्वतःच स्वतःवर खटला भरतो, स्वतःच साक्षीदार होतो आणि निकालही स्वतःच देतो. दोस्तोयेव्हस्कीच्या 'तळघरातल्या टिपणां'मधली ही कोंडी प्रेमचंदांच्या अंगणात कुठेच नव्हती. पण मुक्तिबोध हा वेगळ्या संध्याकाळचा विषय आहे, आणि दोन मिनिटांत उरकला तर तुमच्यातलेच काही जण मला दाराशी गाठतील.

ज्यांना माझा कांबळ्याचा मुद्दा पटला नसेल, त्यांनी 'मनुष्य का जीवन आधार क्या है', 'पूस की रात' आणि 'कफन' या तीन कथा याच क्रमाने एका बैठकीत वाचाव्यात. प्रेमचंदांवरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलाय, तिन्ही सहज मिळतात, तास-दीड तासाचं काम आहे. आता प्रश्न असतील तर घेऊ या.